घासलेला आकडा

मामाचा फोन सकाळी सातला आला म्हणजे विषय गाडीचा. या खेपेला तिच्या टॅकोचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणाऱ्या मीटरचा. "सकाळी बरोबर दाखवतो रे," तो म्हणाला, "पण दुपारचं ऊन लागलं की थापा मारायला लागतो. तिसऱ्या गिअरला इंजिन केकाटतंय आणि काटा म्हणतो बावीसशे." मामाचं वय ७४, गाडी प्रीमियर पद्मिनी, स्टिअरिंगखाली हँडगिअर असलेली, आणि त्याचा कान असा की सायलेन्सरच्या आवाजावरून तो कुठला प्लग मार खातोय ते सांगेल. त्याला काट्याची गरज अशी नाहीच. पण रोज समोर बसून कुणीतरी धडधडीत खोटं बोलावं आणि आपण ते बघत गाडी हाकावी, हे त्याला खपत नव्हतं. शेवटी एका रविवारी त्यानं मीटर काढला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि माझ्या हातात आणून दिला. "तू इंजिनिअर ना?" एवढंच म्हणाला. या प्रश्नाला आमच्या घरात कधीच बरोबर उत्तर नसतं.

पद्मिनीला टॅको मुळात नसतोच. हा मामानं ऐंशीच्या दशकात, रॅलीचं वेड डोक्यात असताना, मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणला आणि डॅशबोर्डावर पत्र्याच्या पट्टीनं आवळून बसवला. काळा गोल डबा, आत शून्य ते सहा हजारपर्यंतची पांढरी तबकडी, आकडे स्टेन्सिलनं काढलेले, त्यातला पाचाचा आकडा जरा जाड. कंपनीचं नाव कुठेही नाही. मागे तीन वायरी बाहेर आलेल्या: एक प्लसची, एक अर्थची आणि तिसरी ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलकडे जाणारी. रात्री सगळे झोपल्यावर मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, मागचे दोन स्क्रू सोडले आणि डबा उघडला. जुन्या तपकिरी पीसीबीला, म्हणजे सर्किटच्या बोर्डाला, एक वास असतो. थोडा राळेचा, थोडा तापलेल्या पत्र्याचा, आणि त्याखाली बंद कपाटाचा. तो आला आणि मी उगाचच खूश झालो. हातानं काढलेले तांब्याचे ट्रॅक, जरा वाकडेतिकडे, वळणावर जाड झालेले. एक प्रीसेट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरनं फिरवून सेटिंग करायचा छोटा रेझिस्टर, त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका, म्हणजे कुणीतरी सेटिंग करून ते सील केलेलं. आणि मधोमध १४ पायांची एक आयसी, म्हणजे चिप.

तिच्या पाठीवर आकडा नव्हता.

खरवडून काढला होता. टॉर्च तिरपा धरून बघितलं, पाठीवर श्वास टाकून बघितला, खडूची पूड चोळून बघितली. त्या काळी आकडे शाईनं छापलेले असायचे, आत कोरलेले नसायचे, त्यामुळे वरचा थर एकदा गेला की मागे काही उरत नाही. नुसते ओरखडे. मला राग आला. अगदी खरा, रात्री साडेबाराला येतो तसला. कोण होता हा माणूस? काय मोठं गुपित होतं त्याचं, एका टॅकोत? पुढे चाळीस वर्षांनी कुणाला तरी हा मीटर दुरुस्त करावा लागेल, याचा विचार नाही करायचा?

आयसीवरच्या आकड्याशी माझं नातं तसं जुनं आणि फार इभ्रतीचं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या जर्मन गाडीचा मीटर उघडला होता. आयसीवर ७८३२ असा ठसठशीत आकडा. अख्खी रात्र मी तो डेटाबुकांत, म्हणजे आयसींच्या माहितीपुस्तकांत, शोधला. दुसऱ्या दिवशी उजेडात कळलं की तो १९७८ सालचा बत्तिसावा आठवडा होता, आयसी जन्माला आल्याची तारीख. खरं नाव वरच्या ओळीत पुसट झालं होतं, एसएके२१५. सत्तरच्या दशकातल्या जर्मन मीटरांत हा आणि त्याचा भाऊ एसएके११५ वरचेवर भेटतात. तेव्हापासून चार आकडे दिसले की आधी मी त्यात आठवडा बसतो का ते बघतो. ५२ च्या आत असेल तर संशय घ्यायचा. याहून छळणारे असतात ते घरगुती आकडे. मोठी गिऱ्हाइकं आयसी बनवणाऱ्याकडून आपलाच नंबर छापून घेत. तो नंबर जगातल्या कुठल्याही पुस्तकात सापडत नाही, आणि आत असते साधी, दुकानात मिळणारी वस्तू. माहेरचं नाव बदलून सासरी वेगळंच नाव ठेवावं तसं. त्यामानानं साठच्या दशकातले इंग्लिश टॅको सरळमार्गी. स्मिथ्स कंपनीच्या आरव्हीआय जातीच्या मीटरांत आयसीच नाही, इग्निशनची वायर मीटरच्या पाठीमागून वेटोळं घेऊन जाते आणि आतले दोन ट्रान्झिस्टर तिच्यातल्या करंटचे झटके मोजतात. उघडलं की सगळं समोर. लपवायला जागाच नाही.

पण नाव पुसलेली आयसी ही त्या सगळ्यांहून वेगळी गोष्ट. तिथे कुणीतरी मुद्दाम बसून हातानं तो आकडा घालवलेला असतो.

आणि मग, चहा ठेवायला उठलो तेव्हा, गॅससमोर उभा असताना, बोटांच्या टोकांना अचानक ती पूड आठवली.

आम्ही नारायण पेठेत राहायचो तेव्हा बाबांचा कारखाना म्हणजे वाड्याची मागची ओसरी. दोन टेबलं, एक ड्रिल, भिंतीवर विळखे घातलेली सोल्डरची रिळं. बाबा टायमर बनवायचे, बॅटरी चार्जर बनवायचे, पाण्याच्या पंपांना लावायचे कंट्रोल बनवायचे. सामान पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून यायचं, नाहीतर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारातून किलोवर. आणि रविवारी सकाळी मला काम असायचं. थर्मोकोलच्या तुकड्यात आठ पायांच्या आयसी रांगेनं टोचलेल्या असत, किड्यांसारख्या, आणि मी एकशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरनं त्यांच्या पाठी घासायचो. शेकड्याला दोन रुपये. जोर जास्त लावला तर पाय वाकायचे, मग बाबा काही न बोलता चिमट्यानं ते सरळ करायचे, ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा लागायचं. काळी बारीक पूड नखांत जायची, नाकात जायची, आंघोळ करूनही रुमालाला लागायची. पाठ सगळीकडून सारखी मळकट करडी झाली की आयसी पास. मी आकडे वाचायचो नाही. वाचता येत होते, पण ते वाचायचे नसतात असं मला का कोण जाणे वाटायचं. देवळात गाभाऱ्यात डोकावू नये तसं. "का घासायचं?" हे एकदा विचारलं होतं. "लोक चोरतात," बाबा म्हणाले आणि विषय संपला.

पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये सरांनी प्रत्येक टेबलावर एकेक आयसी ठेवली. एनई५५५, टायमर. आठ पाय, एका टोकाला खाच. मी ती उचलली आणि बोटांना कळलं. वजन, लांबी, पायांची धार. शेकड्यांनी घासलेली वस्तू पहिल्यांदा नावासकट हातात आली होती. सर सांगत होते की ही जगातली सगळ्यात जास्त विकली जाणारी आयसी आहे, सिग्नेटिक्स कंपनीसाठी हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ मध्ये तिचं डिझाइन केलं वगैरे. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. हे गुपित? बुधवार पेठेत जी वस्तू शेंगदाण्यासारखी मापानं मिळते, ते आमच्या घरचं गुपित होतं? आणि ते माझ्यापासूनही? घरी येऊन मी बाबांना काही बोललो नाही. बोलायला हवं होतं की नको, ते आजही ठरत नाही.

तर पेपर घासणारा पोरगा आता खरवडणाऱ्यावर चिडून बसला होता. चहा गाळून घेतला आणि परत टेबलाशी आलो, जरा नरम होऊन.

नाव नसलं तरी आयसीला गोत असतं, आणि ते तिच्या पायांवरून कळतं. बोर्ड उलटा केला आणि एकेक ट्रॅक कागदावर उतरवायला घेतला. वरून बघताना खाच डावीकडे ठेवून खालच्या रांगेत एकपासून सातपर्यंत, मग वळसा घालून वरच्या रांगेत आठपासून चौदापर्यंत. पाय सहा आणि सात, दोघेही कुठेच जोडलेले नाहीत. वर बघितलं तर तेरा आणि चौदा, तेही मोकळे. चौदातले चार पाय निव्वळ उभं राहण्यासाठी. बारावा अर्थला. नववा एका रेझिस्टरमधून प्लसला. पहिल्या पायावर कॉइलकडून आलेली वायर, वाटेत रेझिस्टर आणि एक झेनर, म्हणजे ठरावीक मर्यादेपुढे व्होल्टेज जाऊ न देणारा डायोड. कॉइलचा करंट तोडणारे पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलच्या प्रायमरीवर दोन-तीनशे व्होल्टचा फटका बसतो, तो थेट आत घेतला तर कुठलीच आयसी जगणार नाही, म्हणून ही तटबंदी. दुसऱ्या पायावर एक छोटा कंडेन्सर. तिसऱ्या-चौथ्यावर एक रेझिस्टर आणि एक मोठा कंडेन्सर, जोडीनं. पाचवा आणि दहावा एकमेकांना बांधलेले, तिथूनच प्रीसेटमधून मीटरच्या काट्याला वायर.

चौथ्या पायाशी पेन्सिल थांबली तेव्हाच मला कळलं होतं. तरीही खात्री करावी म्हणून पॉवर सप्लाय जोडला आणि मल्टिमीटरची लाल काडी नवव्या पायावर टेकवली. बारा व्होल्ट दिले, वाचन साडेसात. सप्लाय चौदावर नेला, साडेसात. अकरावर आणला, तरी साडेसातच. म्हणजे पोटात स्वतःचा झेनर आहे. नॅशनल सेमीकंडक्टरची एलएम२९१७. हीच आयसी झेनरशिवाय असती तर तिला २९०७ म्हणाले असते, आणि मग गाडीचा डायनॅमो जोर धरेल तसा काटा वर गेला असता, कारण हिचं उत्तर सप्लायच्या व्होल्टेजवर अवलंबून असतं. जाग आणणारा आकडा मिळाला तेव्हा पहाटेचे दोन वाजून गेले होते. एकटाच हसलो. कुणीतरी ब्लेड चालवून पुसलेलं नाव, त्याच्याच हातानं काढलेल्या ट्रॅकनी मला सांगून टाकलं होतं.

ही आयसी करते काय, ते मला नेहमी धान्य मोजण्यासारखं वाटतं. दर ठिणगीला तो छोटा कंडेन्सर एक मापटं भरतो आणि बाजूच्या मोठ्या कंडेन्सरच्या कणगीत ओततो. कणगीला खाली रेझिस्टरचं भोक आहे, त्यातून सतत गळती चालू. ठिणग्या भराभर पडल्या की ओतणं गळतीच्या पुढे जातं, पातळी वाढते, काटा वर सरकतो. चार सिलिंडरच्या गाडीत एका फेऱ्याला दोन ठिणग्या. म्हणजे चार हजार आरपीएमला, मिनिटाला चार हजार फेरे असताना, सेकंदाला साधारण १३३ मापटी. या बोर्डावर छोटा कंडेन्सर ०.०१ मायक्रोफॅरडचा, रेझिस्टर १०० किलोओहमचा. साडेसात व्होल्टशी गुणाकार केला की चार हजारला बरोबर एक व्होल्ट येतो. हे असं नीट बसणारं गणित योगायोगानं होत नाही. तो खरवडणारा माणूस डोक्यानं काम करणारा होता. इतका वेळ मी त्याला भुरटा समजत होतो.

मग खोटं कोण बोलत होतं?

मापटंच. छोटा कंडेन्सर होता सिरॅमिकचा, पिवळट चपटी डिस्क, आणि त्याच्या पायांवरचं सोल्डर बाकीच्या डागांपेक्षा चकचकीत. मधे कधीतरी कुणीतरी बदललेला. स्वस्तातल्या सिरॅमिक डिस्कला उष्णता सोसत नाही, तापली की तिची क्षमता उतरते. बायकोचा हेअर ड्रायर आणला (सकाळी याचा हिशोब द्यावा लागला), डिस्कवर गरम हवा सोडली आणि तीन हजारवर धरलेला काटा माझ्या डोळ्यांदेखत लोळायला लागला. अठ्ठावीसशे, पंचवीसशे, बावीसशे. पुण्यातल्या मे महिन्यात काचेखाली उभ्या गाडीचा डॅशबोर्ड चटका बसेल एवढा तापतो. मापटं आकसलं की तेवढ्याच ठिणग्यांना कणगीत धान्य कमी पडणारच. आयसी बिचारी जे मिळालं ते इमानेइतबारे सांगत होती. दुसऱ्या दिवशी तापकीर गल्लीतून मायलारचा, म्हणजे प्लास्टिकच्या फिल्मचा, हिरवा कंडेन्सर आणला. त्याची किंमत लिहायची लाज वाटते, जाण्यायेण्याचं पेट्रोल त्याच्या कितीतरी पट.

बोर्ड बाबांना दाखवायचा हे मी ठरवलं नव्हतं. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तेव्हा तो पिशवीत होता, एवढंच. बाबा आता ८१. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, हाताला कंप आहे, सोल्डरिंग केव्हाच सुटलं. मी काही न सांगता बोर्ड त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, खिडकीकडे वळले, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाकाजवळ आणून बराच वेळ बघत राहिले.

"हे पेपरनं घासलेलं नाही," ते म्हणाले. "हॅकसॉच्या ब्लेडनं खरवडलंय. पेपरनं केलं की सगळीकडून सारखं येतं. इथे बघ, ओरखडे एका दिशेला, आणि खाचेकडची कड उडालीय. बाजूच्या रेझिस्टरलाही लागलंय. म्हणजे बोर्डावर बसवल्यावर सुचलं याला. गिऱ्हाईक दारात उभं असणार."

मी रात्रभर ओरखड्यांवर वैतागलो होतो. बाबा ते वाचत होते.

"एकोणतीस सतरा ना?" त्यांनी विचारलं.

"कसं ओळखलंत?"

"टॅकोत दुसरं काय घालणार? आणि हे चार पाय उपाशी आहेत." मग बोर्ड मांडीवर ठेवून, दुसरीकडेच बघत, "जनरेटरसाठी मी पण स्पीड मीटर केले होते. पन्नासेक. तू लहान होतास. या कधी तुला घासायला दिल्या नाहीत. महाग पडायच्या. पाय मोडला असता."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे काही आयसी ते स्वतः घासायचे, आम्ही झोपल्यावर. मी अखेर तो प्रश्न विचारला, जो लॅबमधून घरी आलो त्या संध्याकाळी गिळला होता. थोडा तिरकस झाला. "पण बाबा, ५५५ घासून काय उपयोग? आठ पायांचा टायमर म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळेल."

"ज्याला कळतं तो चोरायला येत नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "तो आपला आपण बनवतो. घासायचं ते ज्याला कळत नाही त्याच्यासाठी. तो नुसता नंबर लिहून घेतो, तेच सामान आणतो, आणि निम्म्या भावात विकतो. पुढच्या महिन्यात ते जळतं, आणि लोक म्हणतात असले टायमर जळतातच. मग माझेही परत येतात."

यावर मला सुचलं ते असं की, मग मी कोणात होतो? कळणाऱ्यांत की न कळणाऱ्यांत? पण त्यांनी तेवढ्यात माळ्यावरचा सहा-शून्य-सहाचा, घरची वीज सहा व्होल्टवर आणणारा, ट्रान्सफॉर्मर काढायला सांगितला, आणि स्टुलावर चढल्यावर माणूस असले प्रश्न विचारत नाही.

ट्रान्सफॉर्मर कशाला ते मला एका क्षणानं कळलं. घरच्या विजेला सेकंदाला पन्नास आवर्तनं. चार सिलिंडरच्या टॅकोला पन्नास ठोके म्हणजे पंधराशे आरपीएम, ना कमी ना जास्त. सगळ्या जनरेटरच्या मीटरांचं सेटिंग त्यांनी याच युक्तीनं केलं होतं, ऑसिलोस्कोप घेण्याइतके पैसे नसताना. मी वायरी जोडल्या, प्रीसेटवरचं जुनं नेलपॉलिश नखानं खरवडून काढलं, नवा हिरवा कंडेन्सर तिथं ऐटीत बसला होता. स्विच लावला आणि काटा थरथरून चौदाशेच्या जरा वर उभा राहिला. स्क्रू ड्रायव्हर बाबांच्या हातात दिला. कंपामुळे त्यांना खाच सापडेना, तर मी त्यांच्या मनगटाखाली हात धरला. दोघांनी मिळून प्रीसेट केसभर फिरवला. पंधराशे. बाबांनी ड्रायव्हर काढून घेतला आणि काटा हलतोय का ते पाच मिनिटं बघत बसले. मीही बघत बसलो. आत आईनं कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या मोजायचं काम आमच्याकडे होतं, ते आम्ही दोघंही विसरलो.

डबा बंद करायच्या आधी मी खिशातला मार्कर काढला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, काळ्या पत्र्यावर, लिहिलं: एलएम२९१७. खाली आजची तारीख. बाबांनी वाचलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या अनोळखी माणसाची बाजू घेतील, नाहीतर हसतील.

"पुसलं जाईल ते," ते म्हणाले. "गरम होतो तो पत्रा. खिळ्यानं कोर."

खिळा त्यांनीच शोधून दिला.